डॉ. स्पॉक यांची पोथी आणि आईचा प्रश्न

आमच्या महिला मंडळाच्या बैठकीला परवा एक नवी नवी आई आली होती. मांडीवर पाच महिन्यांचं बाळ आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. रात्र रात्र झोप नाही म्हणाली. कुठल्याशा पुस्तिकेत तिनं वाचलं होतं, की बाळाला रडू द्यावं, उचलू नये, तीन-चार दिवसांत ते आपसूक झोपायला शिकतं. सासूबाईंना हे ऐकवत नव्हतं. लेकरू रडतंय आणि आई कानात बोळे घालून बसलीय, हे त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. त्यात आजेसासूंनी हौसेनं राईची उशी शिवून आणलेली, तर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उशी अजिबात नको म्हणून बजावलेलं. कोणाचं ऐकायचं, या विचारानं ती अगदी रडकुंडीला आली होती. बैठकीत आम्ही बारा जणी होतो. बारा जणींनी तिला बारा सल्ले दिले आणि ती होती त्याहून जास्त गोंधळून घरी गेली.

त्या रात्री मला डॉ. बेंजामिन स्पॉक आठवले. विसाव्या शतकात बाळ कसं वाढवावं हे साऱ्या जगातल्या आयांना सांगणारा हा अमेरिकन डॉक्टर. आपल्याकडेही इंग्रजी वाचणाऱ्या घरांतून त्यांचं जाडजूड पुस्तक कपाटात असायचं, पहिलटकरणीला भेट म्हणून दिलं जायचं. त्यांनी सरकारी आणि डॉक्टरी सल्ल्याला प्रश्न विचारला, आयांना मोकळं केलं. आणि पुढे त्यांचाच एक सल्ला असा चुकला, की त्याची किंमत तान्ह्या बाळांना मोजावी लागली. त्यांची ही गोष्ट प्रत्येक आईनं, आणि हो, प्रत्येक आजीनंही ऐकावी अशी आहे.

बेंजामिन स्पॉक यांचा जन्म २ मे १९०३ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन इथे झाला. वडील रेल्वे कंपनीचे वकील होते. सहा भावंडांत बेन सगळ्यात थोरला. थोरल्याच्या वाट्याला जे येतं ते त्याच्याही वाट्याला आलं. धाकट्यांना बाटलीनं दूध पाजणं, दुपटी बदलणं, खेळवणं, ही कामं त्यानं लहानपणापासून केली. मुलगा असून केली, हे त्या काळाच्या मानानं विशेषच.

आई मिल्ड्रेड मोठी करारी. घरात तिचा शब्द शेवटचा. पण या करारी बाईचाही एक गुरू होता. त्यांचं नाव डॉ. ल्यूथर एमेट होल्ट. न्यूयॉर्कच्या या नामांकित बालरोगतज्ज्ञानं १८९४ साली आया आणि दाया यांच्यासाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. बाळाला दूध घड्याळ बघून द्यायचं. झोपही ठरल्या वेळी. जोजवायचं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाशी खेळायचंसुद्धा नाही. भूक नाही, दुखत नाही आणि तरी रडतंय, तर रडू द्यायचं. थोडं रडणं हा बाळाचा व्यायामच आहे, असं त्यांचं मत होतं. मोकळ्या हवेवर मोठा भर. मिल्ड्रेडबाईंनी हे सगळं मनापासून उचललं. कडाक्याच्या थंडीतही स्पॉक भावंडं शेगडी नसलेल्या उघड्या व्हरांड्यात झोपायची. आईचा जीव नव्हता असं नाही. जीव होता म्हणूनच ती पुस्तकात लिहिलंय तसं काटेकोर वागत होती.

पुढे हीच शिकवण सरकारनंही उचलली. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बाल विभागानं १९१४ मध्ये बाळाच्या संगोपनावर एक पुस्तिका काढली. ती लिहिली होती पाच मुलांच्या आईनंच. पण तिच्यातही तेच होतं: बाळ रडलं की लगेच उचलू नका, जोजवू नका, फार खेळवू नका, नाहीतर ते घरावर हुकूम गाजवायला लागेल. पुस्तिकेच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. १९२८ मध्ये जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं तर कहरच केला. मुलांना मांडीवर घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, फार तर सकाळी हात मिळवावा, असं त्यानं पुस्तकात लिहिलं आणि लोकांनी ते विकत घेऊन वाचलं!

आज आपल्याला हसू येतं. पण त्या आयांच्या जागी उभं राहून बघा. त्या काळी अमेरिकेत जन्मलेल्या दर दहा बाळांतलं जवळजवळ एक बाळ वर्षाच्या आत दगावत होतं. बाटलीतलं दूध नासायचं, जुलाब व्हायचे, बाळ हातचं जायचं. दूध उकळा, बाटली धुवा, हात स्वच्छ ठेवा, या डॉक्टरांच्या सांगण्यानं खरोखरच जीव वाचले. आणि त्याच पुस्तिकेत, त्याच छापात, त्याच करड्या सुरात लिहिलेलं असायचं की बाळाला जोजवू नका. पहिली गोष्ट तपासून सिद्ध झालेली, दुसरी कुणाचं तरी मत. वाचणाऱ्या आईला त्यातला फरक कसा कळावा? दूध उकळलं नाही तर बाळ आजारी पडतं हे तिनं पाहिलं होतं. मग जोजवल्यानंही बिघडत असेलच, असं तिनं मानलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

बेन मोठा झाला तो ताडमाड, सहा फूट चार इंच. येल विद्यापीठात तो नौकास्पर्धेच्या संघात होता आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीत त्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. उन्हाळी सुट्टीत अपंग मुलांच्या एका संस्थेत काम करताना त्याला डॉक्टरकीची ओढ लागली. १९२७ मध्ये जेन चेनी हिच्याशी लग्न झालं. १९२९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्यांनी पहिल्या क्रमांकानं मिळवली.

बालरोगांचं शिक्षण झाल्यावर डॉ. स्पॉक यांना एक गोष्ट खटकायला लागली. डॉक्टरांना गोवर कळत होता, मुडदूस कळत होता, पण मूल का रडतं, का जेवत नाही, झोपायला का घाबरतं, हे विचारलं की प्रत्येक जण आपल्याला वाटेल ते सांगत होता. म्हणून त्यांनी मानसोपचार आणि मनोविश्लेषण यांचंही शिक्षण घेतलं. त्या काळात बालरोगतज्ज्ञानं असं करणं ही नवलाची गोष्ट होती.

१९३३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला दवाखाना उघडला. मंदीचे दिवस, पेशंट थोडे. एका अर्थी ते बरंच झालं, कारण एकेका आईशी बोलायला त्यांच्याकडे वेळ होता. आणि आया बोलायला लागल्या. घड्याळात अजून तास आहे म्हणून भुकेनं रडणाऱ्या बाळाच्या पाळण्याशी आपणही रडत बसतो, असं सांगायला लागल्या. आपलं मन एक सांगतं आणि डॉक्टर दुसरं सांगतात, त्यामुळे आपणच वाईट आई आहोत असं वाटतं, हे सांगायला लागल्या. स्पॉक यांनी ऐकून घेतलं. लहानपणी थंड व्हरांड्यात झोपलेला थोरला मुलगा त्यांच्या आत अजून असणारच.

बाळ कसं वाढवावं यावर पुस्तक लिहा म्हणून एका प्रकाशकानं १९३८ च्या सुमारास त्यांना विचारलं. आपल्याला अजून पुरेसं कळत नाही, असं सांगून त्यांनी नकार दिला. ही कबुली मला फार मोलाची वाटते. काही वर्षांनी दुसरा प्रकाशक आला. त्याला स्वस्तातलं, सामान्य माणसाला परवडेल असं पुस्तक काढायचं होतं. पंचवीस सेंटांचं पुस्तक, फार उत्तम नसलं तरी चालेल, असं तो गमतीनं म्हणाला आणि स्पॉक तयार झाले. रात्री जेवणं झाली की ते येरझारा घालत सांगायचे आणि जेन टाइप करायची. नुसतं टाइप करायची नाही. वाक्य समजलं नाही तर अडवायची, माहिती तपासायची, तज्ज्ञांना विचारून यायची. दिवसभर मूल आणि घर सांभाळून रात्री हे काम. पुस्तकावर नाव मात्र एकट्या डॉक्टरांचं आलं. असं कुठे कुठे होतं, हे आपल्याला काही नव्यानं सांगायला नको.

१९४६ च्या जुलैत पुस्तक बाजारात आलं आणि पहिल्याच वर्षात लाखो प्रती खपल्या. आयांना काय आवडलं? पुस्तकाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी त्यांना धीर दिला होता, की तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्हाला पुष्कळ कळतं, स्वतःवर भरवसा ठेवा. बाळाला भूक लागली की पाजा, घड्याळाचे गुलाम होऊ नका. त्याला जवळ घ्यायला घाबरू नका, लाडानं ते बिघडत नाही. दटावणी नाही, हुकूम नाही. शेजारचे समंजस काका ओट्यावर बसून बोलावेत अशी भाषा. जो सल्ला सरकारी छापाचा झाला होता, त्याला एका पुस्तकानं बाजूला सारलं. पुढे ते चाळीसच्या आसपास भाषांत गेलं आणि डॉक्टरांच्या हयातीत त्याच्या पाच कोटींच्या घरात प्रती खपल्या.

मात्र झोपेच्या बाबतीत हे प्रेमळ डॉक्टर जरा कडक होते, हे फार जणींना माहीत नसतं. पहिल्या काही महिन्यांतला पोटदुखीचा त्रास संपला आणि तरीही बाळ रात्री झोपायलाच तयार नसलं, तर त्याला प्रेमानं पण ठामपणे झोपवावं, खोलीबाहेर यावं आणि परत जाऊ नये, असं त्यांनी लिहिलं होतं. पहिल्या रात्री ते वीस-तीस मिनिटं रडेल, दुसऱ्या रात्री दहा मिनिटं आणि तिसऱ्या रात्री बहुधा रडणारच नाही, असा त्यांचा हिशेब. म्हणजे आमच्या मंडळातल्या त्या मुलीनं वाचलेला सल्ला काही आजचा नाही. होल्ट यांच्या वेळेपासून तो चालत आलाय आणि आयांना मोकळं करणाऱ्या स्पॉकनीही तो सोडला नव्हता.

आणि याच झोपेच्या प्रकरणात ती मोठी चूक झाली.

बाळाला उताणं झोपवावं की पालथं? १९५० च्या दशकात पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात स्पॉक यांनी बाळाला पहिल्यापासून पालथं झोपायची सवय लावणं बरं, असा सल्ला दिला. कारणं दोन. उताणं बाळ ओकलं तर ती ओकारी घशात अडकून गुदमरेल. आणि एकाच बाजूला मान करून झोपल्यानं डोकं चपटं होईल. ऐकायला किती पटण्यासारखं आहे! कुठल्याही आईला, कुठल्याही आजीला हे पटलं असतं. स्पॉक एकटेच होते असंही नाही. इतर डॉक्टर आणि इस्पितळांतल्या परिचारिकाही तेच सांगू लागल्या होत्या. पण स्पॉक यांचं पुस्तक घराघरात होतं आणि त्यांच्या शब्दावर आयांचा विश्वास होता. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथली बाळं पोटावर झोपू लागली.

हे तपासून कोणी पाहिलं होतं का? नाही. ते एक मत होतं. होल्ट यांच्या पुस्तकात झालं होतं तेच पुन्हा झालं. देवीची लस टोचून घ्या, हे सांगणाऱ्या छापातच पालथं झोपवा हेही छापलं गेलं.

दरम्यान डॉक्टरांचं आयुष्य वेगळ्याच वळणावर गेलं. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे हवेत आणि दुधात विषारी कण उतरतात, मग मुलांना जीवनसत्त्वं देऊन काय उपयोग, असं वाटून १९६२ मध्ये ते अणुचाचण्यांविरुद्धच्या चळवळीत उतरले. पुढे व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध मोर्चांत चालले. आपण ज्यांना वाढवायला मदत केली तीच मुलं अठराव्या वर्षी मरायला पाठवली जात आहेत, हे त्यांना सहन होत नव्हतं. सैन्यभरती टाळायला तरुणांना मदत करण्याचा कट केला म्हणून १९६८ मध्ये बोस्टनच्या कोर्टानं त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. वय तेव्हा पासष्ट. १९६९ मध्ये वरच्या कोर्टात ती रद्द झाली. स्पॉकच्या लाडावलेल्या पिढीनंच देश बिघडवला, अशी टीका मोठमोठ्या पुढाऱ्यांनी केली. खरं तर मुलांना शिस्त हवी, मर्यादा हवी, हे त्यांनी १९५७ च्या आवृत्तीत मुद्दाम ठळक केलं होतं. १९७२ मध्ये एका छोट्या पक्षातर्फे ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढले आणि हरले.

सरकारला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला बायकांनीही प्रश्न विचारले. तुमच्या पुस्तकात बाळ म्हणजे नेहमी मुलगाच कसा? आईनं घरीच बसायचं हे तुम्ही कोण ठरवणार? बाप कुठे आहे? १९७० च्या सुमाराला स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी त्यांना भर सभेत सुनावलं. डॉक्टरांना ते लागलं. पण त्यांनी विचार केला आणि १९७६ च्या आवृत्तीत बदल केला. मुलगा आणि मुलगी दोघं आले, बापाची जबाबदारी आईच्या बरोबरीची झाली. त्याच वर्षी जेनशी त्यांचा घटस्फोट झाला. जवळजवळ पन्नास वर्षांचा संसार. मधल्या काळात जेननं मनाच्या आजाराशी आणि दारूच्या व्यसनाशी झुंज दिली होती. डॉक्टरांची मुलंही मोठेपणी म्हणाली, की वडील कडक होते, जवळ घेणारे नव्हते. जगाला लेकरं कवटाळायला सांगणाऱ्या माणसाला स्वतःला ते जमलं नव्हतं. होल्टबुवांच्या त्या पोथीची सावली बघा किती लांबवर पडली!

आता त्या चुकीकडे येऊ. पाळण्यात ठणठणीत बाळ झोपवावं आणि सकाळी ते निपचित सापडावं, असे मृत्यू त्या सगळ्या देशांत होत होते. कारण कळत नव्हतं. घरी पोलीस यायचे, शेजारी कुजबुजायचे, आई उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत राहायची. ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे डॉ. सुझन बील या बाईंनी १९७० च्या दशकापासून एक साधं काम सुरू केलं. असा मृत्यू झाला की त्या स्वतः त्या घरी जायच्या. आईशेजारी बसायच्या आणि विचारायच्या, बाळ कसं झोपलं होतं, अंगावर काय होतं, तोंड कुठल्या दिशेला होतं. अशी शेकडो घरं त्यांनी पालथी घातली. पुन्हा पुन्हा एकच उत्तर समोर येत गेलं. बहुतेक बाळं पालथी झोपवलेली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बाळाला पालथं झोपवू नका, असं त्या उघडपणे सांगू लागल्या.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनाही दिसलं, की आपल्याकडे पालथं झोपवायची पद्धत आली तसे हे मृत्यू वाढले. १९८७ मध्ये तिथे सल्ला बदलला आणि मृत्यू घटले. न्यूझीलंडमध्ये मोठी पाहणी झाली आणि १९९१ मध्ये देशभर मोहीम निघाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲन डायमंड या दूरचित्रवाणीवरच्या निवेदिकेचं चार महिन्यांचं बाळ असंच गेलं. ती रडत बसली नाही. न्यूझीलंडला जाऊन तिनं माहिती आणली, सरकारच्या मागे लागली आणि वर्षअखेर तिथेही बाळाला उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये सल्ला बदलला, १९९४ पासून मोहीम झाली. या देशांत पाळण्यातले ते अचानक मृत्यू काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही. फक्त बाळाची कूस बदलली.

मग ओकारीचं काय? शरीररचना नीट पाहिल्यावर कळलं की गोष्ट उलटीच आहे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध पुन्हा खाली जातं. पालथं असताना नेमकं उलट होतं. शिवाय पालथ्या बाळाचं नाक गादीत जातं, आपलाच सोडलेला श्वास ते पुन्हा घेतं, अंग तापतं आणि त्याला सहजी जागही येत नाही.

डॉ. स्पॉक १५ मार्च १९९८ रोजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी कॅलिफोर्नियात वारले. त्यांच्या पुस्तकातला सल्ला तोवर बदलला होता. खरा धक्का त्यांच्या मागून आला. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र तपासले. १९७० पर्यंतच पालथं झोपवण्यातला धोका दाखवणारी माहिती उपलब्ध होती, कोणी ती जुळवून पाहिली नव्हती, असं त्यांना आढळलं. वेळीच पाहिली असती, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. पन्नास हजार! हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते.

डॉ. स्पॉक वाईट माणूस होते का? मुळीच नाही. मुलांवर माया करणारा, चुकलं तर बदलणारा माणूस होता तो. म्हणूनच ही गोष्ट जास्त शिकवते. भल्या माणसाच्या तोंडची, पटणारी, सगळे जण सांगतात ती गोष्टही चुकीची असू शकते. मग ती सरकारी पुस्तिकेतली असो, डॉक्टरांची असो, नाहीतर आजेसासूंची. आणि चूक सापडली ती सल्ला आंधळेपणानं पाळण्यातून नाही, तसाच तो झिडकारण्यातूनही नाही. एका बाईनं घरोघरी जाऊन विचारलं, मोजलं, ताडून पाहिलं, तेव्हा सापडली. आईच्या मनाचा कौल मोठा, पण पालथं झोपवणं त्या काळी आयांच्या मनालाही पटलं होतंच ना?

पुढच्या बैठकीला ती मुलगी पुन्हा आली, तेव्हा मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली आणि मग आम्ही दोघींनी तिच्याजवळच्या सल्ल्यांची वाटणी केली. तपासलेलं एका बाजूला, मतं दुसऱ्या बाजूला.

तपासलेलं असं: पहिलं वर्षभर बाळाला प्रत्येक झोपेला उताणं ठेवायचं. गादी घट्ट आणि सपाट हवी. तोंडाशी उशी, मऊ गोधडी, कापडी बाहुल्या नकोत. घरात विडी-सिगारेटचा धूर नको. बाळ रात्री आपल्याच खोलीत असावं. म्हणजे राईची उशी गेली! आजेसासूंना वाईट वाटलं असणार. पण डोकं गोल राहावं ही त्यांची काळजी आणि स्पॉक यांची काळजी एकच होती. त्यावर साधा उपाय आहे. बाळ जागं असताना, आपण समोर असताना, त्याला थोडा थोडा वेळ पालथं घालून खेळवायचं. हे काम आजेसासूंकडेच सोपवलं.

बाळाला कुशीत घेऊन एकाच अंथरुणावर झोपायचं की नाही, यावर मात्र तज्ज्ञांतच मतभेद आहेत. अमेरिकेतले डॉक्टर नको म्हणतात. ब्रिटनमधले कुठे धोका आहे ते सांगतात: आई-वडिलांपैकी कोणी धूम्रपान करत असेल, दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ दिवस न भरता किंवा कमी वजनाचं जन्मलेलं असेल, तर मुळीच नाही. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं तर सगळ्यांच्याच मते घातक.

आणि रडू देणं? यावर ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये नीट अभ्यास झाला. सात-आठ महिन्यांच्या, झोपेचा त्रास असलेल्या बाळांच्या घरी टप्प्याटप्प्यानं झोपवण्याच्या सौम्य पद्धती शिकवल्या आणि तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला. त्या मुलांचं काही बिघडलं नव्हतं, पण इतरांपेक्षा फार काही चांगलंही झालं नव्हतं. सगळी मुलं सारखीच. फायदा झाला तो सुरुवातीच्या काळात, थकलेल्या आयांना थोडी विश्रांती मिळाली म्हणून. म्हणजे अगदीच पेकाळून गेलेल्या आईनं मोठ्या झालेल्या बाळाला हळूहळू सवय लावली तर ती कैदाशीण नाही. आणि जिला रडू ऐकवत नाही, तिनं उचलून घेतलं म्हणून बाळ वाया जात नाही. पाच महिन्यांच्या लेकराला तर अजून रात्री भूक लागतेच. मात्र बाळ नेहमीपेक्षा वेगळं रडत असेल, ताप असेल, पीत नसेल, तर कोणाचीही पुस्तिका न बघता दवाखाना गाठायचा.

मुलगी गप्प राहून ऐकत होती. मग तिनं हळूच विचारलं, की डॉक्टरांना उलट प्रश्न विचारला तर त्यांना राग येणार नाही का? मैत्रिणींनो, मला वाटतं आपलं घोडं इथेच अडतं. राग येऊ नये अशा रीतीनं विचारता येतं. हे कशावरून ठरलं, हे सगळ्याच बाळांना लागू आहे का, माझ्या बाळाला काही वेगळं लागेल का, एवढे तीन प्रश्न. चांगला डॉक्टर उत्तर देतो. आपण सांगतो ते मत आहे की तपासलेलं, हेही सांगतो. आणि हेच तीन प्रश्न सासूबाईंना, शेजारणीला, मंडळातल्या आम्हा बारा जणींनाही विचारायचे.

परवा ती रस्त्यात भेटली. रात्री एक वेळ बाळाच्या बाबांनी उठायचं ठरलंय म्हणाली. डोळ्यांखालचं काळं थोडं कमी झालेलं दिसलं.